हात हलले की इंग्रजी

देवळाली कॅम्पातल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायला बाई हवी होती. पेशंट बहुतेक फौजींच्या घरचे, कुणी पंजाबी, कुणी तमिळ. म्हणून अट एकच, इंग्रजी बोलता आलं पाहिजे. मला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती. लग्न झाल्यापासून मी घराबाहेर पडायची ती भाजी आणायला, नाहीतर कुणाच्या तरी हळदीला. विटले होते हो मी!

पण इंग्रजीचं काय करायचं? माहेर आणि सासर दोन्ही सटाण्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणी. मराठी शाळेत शिकले आणि नाशकात येऊन घासूनपुसून घेतली. इंग्रजीचा नंबर तिसरा. माझा शब्द सटाण्याहून निघायचा, नाशिकच्या स्टँडवर गाडी बदलायचा आणि कॅम्पात पोचेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

मग मोबाइलवरच्या एका बाईनं उपाय सांगितला. हातात जे काम असेल ते करता करता इंग्रजीत बोला. झालं, मी सुरू! "आय ॲम वॉशिंग द कुकर." "आय ॲम बीटिंग द सतरंजी." सतरंजीला इंग्रजीत काय म्हणतात ते सापडेना, म्हणून तिला मराठीतच झोडपलं. कांदा चिरताना "आय ॲम क्रायिंग." हे वाक्य सगळ्यात पक्कं झालं, कारण कांदा रोजचाच.

सासूबाई पलंगावर मेथी निवडत बसलेल्या असायच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "याड लागनं का वं तुले?" पण मी "आय ॲम स्वीपिंग" म्हटलं की लगेच, "तो कोपरा राही गया." एकदा मी भांडी तशीच ठेवून मोबाइल बघत "आय ॲम वॉशिंग, आय ॲम वॉशिंग" म्हणत होते, तर पलंगावरून आवाज आला, "नळ तं बंद शे!" म्हातारीला सगळं कळत होतं की!

मुलाखतीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवलं. मी हात मांडीवर ठेवले. "टेल मी अबाउट युवरसेल्फ," त्या म्हणाल्या. आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नाही! कुकर नाही, केरसुणी नाही. गेली नोकरी, आता जन्मभर हळदीच, असं वाटून रडूच यायला लागलं. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या टेबलाकडे गेलं. ही एवढी धूळ! हात शिवशिवायला लागले आणि मी उठलेच.

"आय ॲम लिफ्टिंग द फाइल," मी म्हणाले. फाइल उचलली. "आय ॲम वायपिंग द टेबल." ओढणीनं टेबल पुसलं. "आय ॲम मूव्हिंग युवर चष्मा." दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी काही थांबतेय होय? "आय ॲम फिलिंग द ग्लास. प्लीज ड्रिंक, मॅडम." त्या निमूट पाणी प्यायला लागल्या.

तेवढ्यात गाल धरून एक बाई आत आल्या आणि इंग्रजीत विचारायला लागल्या, डॉक्टर कुठे आहेत. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "प्लीज सिट. डॉक्टर इज ड्रिंकिंग वॉटर." डॉक्टरबाईंना असा ठसका लागला की पेशंटच त्यांच्या पाठीवर थापटायला लागली.

श्वास जागेवर आल्यावर डॉक्टरबाई मराठीत म्हणाल्या, "सोमवारपासून या. आणि टेबल पुसायची ती ओढणी नका आणू, फडकं आहे आपल्याकडे."

सोमवारी सकाळी मी चपला घालत होते. ओट्यापाशी सासूबाई माझा डबा भरत होत्या. माझ्याकडे न बघता, एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, "आय ॲम... पॅकिंग डबा." मग झाकण दाबून बसवलं. "यू आर गोइंग."

माझी दुसरी चप्पल हातातच राहिली. दुसरं काही सुचेना, म्हणून पाठ होतं तेच म्हणाले, "आय ॲम क्रायिंग."

त्यांनी ओट्यावर इकडेतिकडे पाहिलं. "कांदा कोठे शे?" म्हणाल्या, आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसायला लागल्या.