संगणकवाल्यांचा सत्कार

पुण्यात होते तेव्हा शनिवार उजाडला की मी कुठल्या ना कुठल्या मीटअपला पळायचे. प्रोग्रामिंग करणारी माणसं एका हॉलमध्ये जमायची, एक जण पडद्यावर काहीतरी करून दाखवायचा, बाकीचे मांडीवर लॅपटॉप घेऊन ऐकायचे आणि शेवटी सगळे पिझ्झ्यावर तुटून पडायचे. बंगळुरूच्या मोठ्या कॉन्फरन्सला तर हट्टानं रजा काढून गेले होते. तिथून आणलेल्या टी-शर्टांची आईनं पुढे फडकी केली, ते सोडा.

मग घरून काम सुरू झालं आणि मी आईजवळ सांगलीला आले, विश्रामबागेत. घरात आम्ही दोघीच. आई खूश होती, मी मात्र गप्पांवाचून कासावीस. दिवसभर अडलेला कोड संध्याकाळी सुटला तर तो आनंद सांगायचा कुणाला? एकदा आईलाच सांगितला. ती म्हणाली, "सुटला न्हवं? मग जेव आता."

शेवटी मी जाहीर करून टाकलं, आपण पुण्याला राहायला जायचं. फ्लॅट बघितला, सोमवारी नक्की कळवते असं मालकांना सांगितलं. आई "बरं" म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं तिचा पाटा-वरवंटा शेजारच्या भाभींना देऊन टाकला. कवठे महांकाळहून टेम्पोत घालून आणलेला पाटा, मला कधी हात लावू दिला नव्हता! विचारलं तर म्हणे, "मिक्सर हाय की." मला वाटलं, चला, आई सुधारली.

फक्त एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या लायनीतलं हितं कोणच न्हाई म्हंतीस. कवा हाक मारून बघितलीस का?"

झोंबलं मला ते. म्हटलं, ठीक आहे, मारते हाक! रविवारी सांगलीत मीटअप. माणसं जमली तर इथंच राहायचं, नाही जमली तर सोमवारी पुण्याला होकार. आई पुन्हा "बरं" म्हणाली आणि मेथीच्या काड्या आवरत बसली.

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप सोडला. हॉल दिला आईच्या ओळखीच्या एका काकांनी. हळदीचे व्यापारी, मोठ्या मनाचा माणूस. त्यांची अट एकच, "पोरी, कार्यक्रम रीतसर झाला पायजे." मी घाईत हो हो म्हणून मोकळी झाले. आपण कशाला हो म्हटलंय, ते रविवारी सकाळी कळलं.

हॉलच्या गेटवर माझा फ्लेक्स! माणसाहून उंच. वर 'भव्य संगणक मेळावा' आणि खाली मी, मावसभावाच्या लग्नातली, नथ घालून. फोटो कुणी पुरवला हे विचारायची गरजच नव्हती, आई समोर उभी राहून कौतुकानं बघत होती. आत स्टेज, स्टेजवर समई, टेबलावर शालींची चळत आणि खाली नारळांचं पोतं.

"काका, हे काय?"

"सत्कार."

"कुणाचा?"

"जे येतील त्यांचा! पावण्याला तसंच बसवायचं व्हय गं?"

मी असली भडकले! आमच्यात स्टेज नसतं, समई नसते, खुर्च्या गोल मांडतात, मोकळं बोलतात, सगळं एका दमात ऐकवलं. काका शांतपणे समईत तेल घालत म्हणाले, "गप्पा मारा की नंतर. आधी रीत."

आणि तेवढ्यात माणसं यायला लागली. खरंच आली! फ्लेक्सपाशी थबकत, आपण चुकून कुणाच्या वाढदिवसाला आलो की काय अशा चेहऱ्यानं, पण आली. मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली. पण आमच्या धंद्यातली माणसं ती. सगळी मागच्या रांगेत, मध्ये खुर्च्या सोडून, मान खाली आणि डोळे मोबाइलमध्ये. पुण्यात मीही अशीच बसायचे आणि शेजारच्याचं नाव न विचारता घरी यायचे. ही अशीच आली तशी उठून गेली तर पुण्याचा फ्लॅट काही सुटत नाही, हे मला दिसत होतं. 

काकांनी माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो. कुपवाडहून आलेल्या पावण्यांचा सत्कार." एक जण कसाबसा उठला. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि तोंडासमोर माइक. "आता पावणे दोन शब्द बोलतील."

तो लालबुंद झाला. "मी फाउंड्रीत हाय. तिथल्या मालाची नोंद ठेवायचा प्रोग्राम मी एकट्यानं लिवलाय. अडलं तर इचारायला कोण न्हाई, म्हणून आलो."

मागून कुणीतरी ओरडलं, "कशात लिहिलाय?" यानं प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव सांगितलं. "आयला, मीपण त्यातच!" आणि दोन खुर्च्या आपोआप जवळ सरकल्या.

मग साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं आलेली एक बाई. शाल नीट करत म्हणाली, "मी परदेशातल्या कंपनीचं काम करते. सासूबाईंना वाटतं मी दार लावून सिनेमे बघते." हॉल असा हसला की समईची वात हलली. ती मात्र माइक सोडेना. "माझं काम ज्यांना कळतं अशी माणसं आज कितीतरी दिवसांनी बघतेय," म्हणाली आणि पटकन खाली उतरली.

एक जण उशिरा आला. काकांनी त्याला हेल्मेटसकट स्टेजवर ओढला. त्यानं हेल्मेट काढलं आणि मी किंचाळायचीच बाकी राहिले. आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा! सांगलीत आल्यापासून मी या माणसाशी पार्किंगवरून भांडतेय. मला वाटायचं हा विमा एजंट, त्याला वाटायचं मी बँकेत. दिवसभर आम्ही एकाच जिन्याला धरून, एकाच प्रकारचा कोड लिहीत बसलो होतो. तो माइकवर म्हणाला, "मॅडम आपल्यातल्या आहेत हे आधी कळलं असतं तर गाडी सरळ लावली असती की."

हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानंतर माझं प्रेझेंटेशन कुणी बघितलं नाही, मीसुद्धा. खुर्च्या कधी गोल झाल्या कळलंच नाही. अंगावर शाली तशाच, कुपवाडकराच्या लॅपटॉपवर सगळी डोकी वाकलेली, आईनं करून आणलेले पोहे गार. काका शेजारी बसून सगळं ऐकत होते. मला म्हणाले, "कायबी कळलं न्हाई, पण लय रंगलं गड्या."

जाताना प्रत्येकानं आपला नारळ माझ्यापुढे ठेवला. कुणी दुचाकीवर, कुणी हॉस्टेलवर, कुठं नेतील बिचारे? पोतं पुन्हा भरलं. ते तिसऱ्या मजल्यावरच्यानं गाडीला बांधून पुढे नेलं, आम्ही दोघी रिक्षात. मी अखंड बडबडत होते. आई पोह्यांचं पातेलं मांडीवर सांभाळत ऐकत होती. शेवटी मीच म्हटलं, "उद्या पुण्याला नाही म्हणून कळवते गं."

"बरं," म्हणाली.

बिल्डिंगमध्ये शिरल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. थेट भाभींची बेल दाबली. "भाभी, माझा पाटा द्या. नारळ लय झाल्यात, चटणी वाटायची हाय."

भाभी दारातून बाजूला झाल्या. पाटा तिथंच भिंतीला टेकून उभा होता, वर स्वच्छ कापड झाकलेलं. "एकदाबी वापरला न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "देताना तुमी असं रडला होता, म्हटलं येतील न्यायला."

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती पाट्यावर हात फिरवत राहिली. पाटा उचलायला माणूस बघते म्हणत मी खाली पळाले. तिसऱ्या मजल्यावरचा नारळांचं पोतं सोडत होता. गाडी त्यानं माझ्याच जागेवर लावली होती, तीही आडवी.

"राहू दे तिथंच," मी म्हटलं. "आधी वर या, पाटा लय जड आहे."