विटेतली बोटं

लेकीने मला अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक जुनं घर दाखवलं. गुलामांकडून कापूस पिकवून घेणाऱ्या मळेवाल्याचं ते घर आता जपून ठेवलं आहे. पांढरे खांब नुकतेच रंगवले होते. मागच्या भिंतीचा गिलावा मात्र मुद्दाम काढलेला होता. तिथल्या एका विटेत, विटा पाडायला लावलेल्या एका लहान गुलाम मुलाच्या बोटांचे ठसे होते, ओली वीट उलटताना उमटलेले. त्या मुलाचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

माझा हात नकळत पुढे झाला.

“आई, हात नको लावूस, झिजतात ते,” लेक हळूच म्हणाली.

त्या मुलाला इथून पळून जावंसं वाटलं असेल, आणि त्याचीच बोटं आपण इथे धरून ठेवली आहेत. ती बुजवली, तर ते मूल होतं हेही उरणार नाही. मग जपायचं ते कुणासाठी?

हे गेल्यापासून ह्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये असतो. भिंगावर ह्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे, म्हणून मी तो पुसलेला नाही. खरं तर ह्यांना भिंगावर एवढासा डाग खपत नसे. दोन्हींची तुलना होत नाही, हे मला कळतं.

परतताना गाडीत मी चष्मा बाहेर काढला. पदराचं टोक बोटांत धरलं, आणि घर येईपर्यंत तशीच बसून राहिले.