माझे न रंगवलेले केस

हेब्बाळच्या आमच्या इमारतीत टँकरचे पाणी येते. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, स्टीलच्या तांब्यावर त्याचा पांढरा थर बसतो आणि मी तो दर रविवारी लिंबाच्या सालीने घासून काढते. हाच थर आपल्या केसांवरही बसत असणार, हे माझ्या ध्यानात यायला मात्र वर्षे लागली. केस राठ झाले, की मी तेल बदलत असे. विटले, की पाकिटातल्या काळ्या मेंदीचा लेप चढवत असे. अखेरीस ते मुळाशी पांढरे, मध्ये गंजल्या पत्र्यासारखे तांबूस आणि टोकांशी मळकट काळे झाले, आणि एका सकाळी टाळूवर फोड उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी रंग कायमचा बंद करायला सांगितला.

नेमका त्याच सुमारास पुतण्याचा साखरपुडा ठरला. आमच्याकडे होणाऱ्या सुनेची ओटी मुलाची काकू भरते, आणि ती काकू मी होते. होसकोट्याहून थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे मुलाच्या आईचा, फोन आला. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही इथलेच, कन्नड मुलखातले. बोलण्यात कन्नड सहज मिसळते.

"म्हणजे तू तशीच येणार?"

"तशीच म्हणजे कशी, अक्का?"

"विटलेली गं! फोटो सगळे मुलीच्या घरी जाणार. स्वल्प रंग लाव की. एका दिवसानं काय होतंय?"

"डोक्यावर फोड आलेत."

"मग राहू दे बाई. ओटी धाकटी भरेल. तू मागं बस, आरामात."

या घरात आल्यापासून अशा प्रत्येक वाक्याला माझे उत्तर 'बरं' असे ठरलेले होते. त्या दिवशी तो शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"अक्का, मी येईन, आणि ओटी मीच भरेन," मी म्हणाले.

साखरपुड्याला अजून काही महिने होते. फोड बरे होईपर्यंत मी डोक्याला काहीही लावले नाही. त्यानंतर बाल्कनीतल्या जास्वंदीची पाने पाण्यात चुरडून, त्यांच्या बुळबुळीत रसाने केस धुऊ लागले. शेवटचा तांब्या मात्र पिण्याच्या, यंत्रातून क्षार काढलेल्या पाण्याचा. यजमान दारात उभे राहून म्हणाले, "प्यायचं पाणी डोक्यावर? टँकरवाल्याला कळलं तर तो भाव वाढवेल!" मी दार लावून घेतले. गच्चीवर वाळवणाला जाताना डोक्याला ओढणी बांधली. जे काही करत होते ते केस काळे करण्यासाठी नव्हते, एवढे मला स्वतःला स्पष्ट होते. मला ते निरोगी हवे होते.

मुळांपासून नवा पांढरा केस आला तो मऊ आणि लखलखीत होता. खालचा रंगवलेला भाग मात्र जसाच्या तसा निर्जीव राहिला; त्याला कशानेच तकाकी येईना. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी पार्लरमध्ये गेले आणि तो सगळा भाग कापून टाकायला सांगितले. खुर्चीतून उठले तेव्हा मान उघडी पडली होती. घरी येताना बसच्या खिडकीतला वारा थेट मानेवर लागत होता आणि मला मुळीच संकोच वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात जाऊबाई मोगऱ्याची परडी घेऊन उभ्या होत्या. इथे फुले मोळावर मिळतात; कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची माळ म्हणजे एक मोळ. येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीच्या वेणीत त्या एकेक तुकडा माळत होत्या. माझी पाळी आली आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

"हे काय करून घेतलंस? आता फूल कुठं माळू मी?"

मागच्या बायका माना उंचावून पाहू लागल्या. कुणीतरी हसू दाबले.

"कानामागे," मी म्हणाले. "पिना मी आणल्या आहेत." आणि डोके त्यांच्यापुढे वाकवले.

त्यांना माळणे भागच होते. सवाष्णीला दारातून फुलाविना आत पाठवणे त्यांच्याच्याने होण्यासारखे नव्हते. "सरी, सरी, बरं, हलू नकोस," असे पुटपुटत त्यांनी पिना खोचल्या. मग बोटे केसांवर थांबली आणि चोरी पकडल्याच्या स्वरात त्या म्हणाल्या, "एवढे मऊ कसे गं झाले?"

"प्यायच्या पाण्यानं, अक्का."

"श्रीमंत आहेस बाई!"

ओटीच्या वेळी त्यांनी एकदा धाकट्या जावेकडे पाहिले. ती जागची उठण्याआधीच मी पाटाशी जाऊन उभी राहिले होते. खण आणि नारळ मुलीच्या पदरात ठेवले. तिने वर पाहिले. तिची नजर माझ्या केसांवर गेली, मग चेहऱ्यावर आली आणि ती हसली. फोटोग्राफर हाताने खूण करत म्हणाला, "आंटी, स्वल्प मागे."

मी तांदळांची ओंजळ भरून घेतली आणि जागची हलले नाही.