मुका रेडिओ

साठ-एकसष्टचं साल असावं. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत एक तरुण माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर स्वतः जोडलेला नवा रेडिओ. घडीघडी तो मागची फळी काढी, आत बोट घाली, पुन्हा लावी, पुन्हा काढी.

"दिवे लागून राह्यले, पन आवाजच नाही," तो म्हणाला. "आज संध्याकाळी माही बहीण नागपूरहून रेडिओवर गाऊन राह्यली. गाण्यात गेली म्हणून बाबा तिच्याशी बोलत नाईत. घरी रेडिओ वाजला त आयकतीन तरी."

मूर्तिजापूरला गाडी थांबताच तो हॉटेलात धावला. मीही मागोमाग गेलो. तिथल्या विजेवर लावताच रेडिओचे दिवे लागले, आवाज नाही. बंद करून त्यानं आतला एकेक काचेचा व्हॉल्व्ह काढला, सदऱ्याला पुसून परत बसवला. तरी नाही. तिकडे कंडक्टर हाका मारत होता. शेवटी त्यानं स्पीकरची तार ओढून पाहिली, तर ती हातातच आली. ती जोडताना दिलेला कथलाचा डाग नीट बसलाच नव्हता. त्यानं ती बोटांनी पिळून जोडली. खरखर झाली आणि कुणीतरी बोलू लागलं.

त्यानं लगेच बटण फिरवलं.

"काहून बंद केलं? आयकू द्या ना भाऊ!" हॉटेलवाला म्हणाला.

"अन् तार पुन्हा निंगाली त? आता बाबाच्या समोरच लावतो."

अमरावतीत राजापेठेला तो रेडिओ पोटाशी धरून उतरला आणि पळतच सुटला.

संध्याकाळी मी मुद्दाम एका हॉटेलातल्या रेडिओपाशी बसलो. नागपूर केंद्रावरून त्या तरुणाच्या बहिणीचा आवाज आला. सुरुवातीला जरा कापरा, मग मोकळा. गाणं छान होतं, पण माझं चित्त लागेना. राजापेठेतल्या त्या घरात ते पोचलं की नाही, हे मला कोण सांगणार होतं?