शिलाची पाठवणी

सेनगावच्या स्टँडवर हिरासिंगची जीप बावीस वर्षांपासून लागते. दहा सीटच्या गाडीत तो अठरा माणसं बसवतो आणि एकोणिसाव्याला जागा करताना म्हणतो, "सरका जरा, ह्यो काय परका हाय का?" पण त्याच्या बंजारा तांड्यावर त्याचा मान वेगळ्याच गोष्टीसाठी. पूर्वी सासरी निघालेली लेक बैलाच्या पाठीवर उभी राहून, हात उंचावून 'हवेली' गायची, निरोपाचं रडतं गाणं. ओझी वाहणारे बैल गेले, तेव्हापासून नवरी हिरासिंगच्या बॉनेटवर उभी राहते आणि त्याच जीपमधून जाते. एकतीस लेकी त्यानं पोचवल्या. बत्तिसावी सख्खी पुतणी, शिला. तिची पाठवणी दुसऱ्या कुठल्या गाडीतून होईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तेवढ्यात शिलाचा भाऊ योगेश मस्कतहून सुट्टीवर आला आणि हिंगोलीतून नवीकोरी पांढरी गाडी घेऊन आला. हिरासिंगनं मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलेला हाच पोरगा, आणि आता अख्खा तांडा त्याच्याभोवती.

"मस्कतला गाड्या पांढऱ्या न् उंच," योगेश मंदिराच्या ओट्यावर बसून सांगत होता. "ऊन आन वाळू. आमच्या कंपनीतला जपानी म्हनतो, त्याच्या गावी इवलीशी, डब्यावानी गाडी, गल्ल्याच अरुंद. अमेरिकेवाल्याला मागं हौदा लागतोच, त्यात काई टाको न टाको. आन हॉलंडचा मोठा सायब गावाकडं सायकलवर ड्युटीला जायचा."

"सायकलवर? मंग पगार कशाला घेतो?" ओट्याखाली बसलेल्या शेजारच्या कमलबाई म्हणाल्या. "आन आपल्याकडं रं?"

"आपल्याकडं किती मानसं लटकतेत ते पाहून गाडी घेतेत."

सगळे हसले. हिरासिंगला वाटलं, हसले ते आपल्या जीपलाच.

"वाळूत उंच गाडी, आन इथं दगडाधोंड्यात ही बुटकी काहून आनली?" त्यानं विचारलं.

"शिलाला आवडली, काका."

म्हणजे पाठवणीही त्याच गाडीतून, हे हिरासिंगनं धरूनच टाकलं. तरी लग्नाच्या दिवशी सकाळी त्यानं जीप धुतली, सेनगावला जाऊन टाकी गच्च भरली आणि घरामागं लावून ठेवली. विचारायला मात्र गेला नाही. त्यांनी यावं.

पाठवणीच्या वेळी शिलानं पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर एक पाय ठेवला आणि पत्रा डबकन आत गेला. गाडी आणली, फुलं लावली, पण नवरी उभी कुठं राहणार, याचा विचार कुणी केलाच नव्हता. योगेश तोंड पाडून काकाच्या दारात आला.

"काका, जीप आना."

हिरासिंगला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण क्षणभरच. उभं राहायला माझी, आन जायला तुझी व्हय, असं त्याच्या मनात आलं.

"डिझेल न्हाई."

"उभं राहायला डिझेल लागतं व्हय?" आतून त्याची बायको रुख्मिणीबाई बोलली.

झालं. सूट घातलेला योगेश आणि तिघं जण मागून जीप लोटू लागले. भरल्या टाकीची जीप न्यूट्रलमध्ये टाकून हिरासिंग स्टेअरिंग धरून बसला. योगेशचा घाम आरशात दिसत होता. बरं वाटलं त्याला.

शिला बॉनेटवर चढली. हात उंचावून बापाला, आईला, अंगणाला नाव घेऊन गायली. बाया रडल्या, पुरुषांनी माना फिरवल्या. मग ती खाली उतरली आणि काकाच्या गळ्यात पडली.

"मी दादाला सकाळीच म्हनलं व्हतं, तुझ्या गाडीवर फोटोपुरती उभी राहीन. जायचं काकाच्याच जीपीत. आजच कसं हो संपलं तुमचं डिझेल?"

चावी हिरासिंगच्या मुठीत होती. शेजारी योगेश कॉलर सोडून वारा घेत उभा होता.

"संपलं बाई," तो म्हणाला.

ती पांढऱ्या गाडीत बसली. धूळ खाली बसल्यावर कुणीतरी विचारलं, "हिरासिंगभाऊ, जीप घरी न्यायची का?" पुन्हा चौघं मागून लोटू लागले. त्यानं कुणाला नको म्हटलं नाही.