पिंप

मालाडला आमच्या इमारतीमागे एक मालवणी माणूस राहायचा. बोटीवरची आचाऱ्याची नोकरी सुटल्यावर त्याने भंगारातून तेलाचं पिंप आणलं, आत जाळ करून तेलाचा वास घालवला, सायकलच्या तारांचे आकडे केले आणि त्यांना डुकराचं मांस टांगून ते धुरावर शिजवून विकू लागला. सुताराकडून आणलेला लाकडाचा प्रत्येक तुकडा तो आधी हुंगायचा. रंगाचा वास आला की फेकून द्यायचा.

आमच्या सेक्रेटरींना तो धूर खपेना. "तुझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी कधी कामाला येणार?" असं त्यांनी मला विचारलं. मी निमूट तक्रार लिहून दिली. ती फार चांगली लिहिली, याचा मला सेक्रेटरींवर येतो त्यापेक्षाही जास्त संताप येतो.

महापालिकेची माणसं पिंप उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो नोटीस आणि तक्रारीची प्रत घेऊन आमच्या दारात आला.

"बाय, वाच गो. काय लिवलाहा?"

दुर्गंधी, घाण, रोगराई. माझीच वाक्यं मी त्याला मराठीत सांगितली.

"आता ह्याका उत्तर लिव. तुजा इंग्रजी ह्यांच्यापरास बरा आसतला."

माझी परीक्षा आहे, असं सांगून मी दार लावलं. मे महिन्याची सुट्टी चालू होती.