मागच्या पंख्याचं विमान

अशोक गेल्याची तार आली त्याच्या दुसऱ्या सोमवारी खंडारे सर शाळेत हजर झाले आणि नववीला तरफेचे प्रकार शिकवून मोकळे झाले. आम्ही सगळे शिक्षकखोलीत माना खाली घालून बसलो होतो. सर आले, हात धुतले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बरं. पुढचा तास कोनाचा हाय?" हे 'बरं' त्यांचं जुनंच. पगार लांबला तरी बरं, बदली रद्द झाली तरी बरं. पण त्या दिवशी मला सरांचा चक्क राग आला. एकुलता एक मुलगा हो! माणसानं निदान दोन घटका टेकावं तरी.

कामरगावच्या त्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या घरातली शांतता मला माझ्या घरात ऐकू यायची. अशोक पायलट व्हायला उत्तरेत गेला होता. अख्ख्या पंचक्रोशीत तेवढा एकच. धुकं होतं, उतरताना विमान पडलं. एवढं सरांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. खंडारे वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या आणि हे आपले कंदिलाची काच पुसत बसलेले.

अशोकचं एक खेळण्यातलं विमान घरात होतं. खेळण्यातलं म्हणायचं, पण हातभर लांब. स्वतः तासून केलेलं, जेटसारखं धारदार नाक आणि मागे झुकलेले पंख. खरं जेट इंजिन कुठून आणणार? म्हणून नाकावर काडेपेटीएवढं इंजिन आणि त्याला लाकडी पंखा. रेडिओची एक पेटी हातात धरायची, तिची दांडी हलवली की आकाशात विमान वळायचं. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ते आम्हाला उडवून दाखवलं होतं. उडालं झकास. उतरताना मात्र नाकावर आपटलं आणि पंख्याचे तुकडे झाले. अशोक हसत म्हणाला होता, "बाबा, मले अजून उतरवता येत नाई. पंखा मागं घेतला पाह्यजे. मंग नाक टेकलं तरी मोडनार नाई." पुढच्या सुट्टीत करू, असं बापलेकांचं ठरलं होतं.

मार्चमध्ये एके दिवशी सरांनी ते विमान बाजेवर ठेवलं आणि नाकावरचं इंजिन सोडवायला घेतलं. वहिनी आतून धावत आल्या.

"काय करून राह्यले तुमी? त्याच्या हातचं तेवढं एकच उरलं हाय!"

"मोडत नाई. पंखा मागं घेतो."

"कायले पन?"

"उतरवाचं हाय," सर म्हणाले आणि शेपटीला करवत लावली.

त्या दिवसापासून वहिनींनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, आत जायच्या. मला म्हणाल्या, "भाऊ, हा मानूस हाय का दगड? पोरगं गेलं तं डोये ओले नाई झाले. आता त्याची वस्तूबी नाई ठेवत." मलाही ते कापणं बघवत नव्हतं. सर मात्र शाळा सुटली की बसायचे. इंजिन मागे गेलं तसं शेपूट जड झालं, म्हणून नाकात शिसं भरलं. नवा पंखा लावून पहिल्यांदा सुरू केलं तर विमान पुढं जायचं सोडून उलटंच सरकायला लागलं. मला हसू फुटलं. सर शांतपणे म्हणाले, "पंखा उलटा फिरवा लागते. ध्यानातच नाई आलं." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आतून वहिनींचा आवाज आला, "त्यालेच जायचं नाई तं तुमी काहून धाडता?" सरांनी पंखा सोडवायला घेतला.

मग ते संध्याकाळी विमान समोर ठेवून नुसती दांडी हलवत बसायचे. दांडी डावीकडे, सुकाणू डावीकडे. दांडी उजवीकडे, सुकाणू उजवीकडे. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

एका रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, आम्ही गावाबाहेरच्या पडीत वावरात गेलो. वहिनी मागून आल्या आणि बांधावर उभ्या राहिल्या. विमान मोडलं तर त्या या माणसाला जन्मात माफ करणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. इंजिन सुरू झालं, इंधनातल्या एरंडेलाचा वास सुटला. मी धावत जाऊन विमान फेकलं.

काय उडालं हो! नाकावर पंखा नाही, खरंखुरं जेटच वाटत होतं. आजूबाजूच्या वावरांतली माणसं कामं टाकून बघत उभी राहिली. सरांनी विमान दोन चकरा फिरवलं आणि इंधन संपलं. आवाज एकदम बंद झाला. आता ते तसंच तरंगत खाली आणायचं होतं.

सरांचे ओठ हलत होते. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "हळू. नाक वर. घाई नाई करायची. ये बाबू, हळू ये."

विमान बांधावरून आलं, वहिनींच्या डोक्यावरून गेलं, पोटावर टेकलं, ढेकळांतून खरडत घसरलं आणि थांबलं. नाक शाबूत, पंख शाबूत. सर चालत गेले, गुडघ्यांवर बसले आणि बोटानं मागचा पंखा फिरवून पाहिला. तोही अख्खा होता.

"उतरलं," ते म्हणाले. आणि तिथंच, मातीत, मोठ्यानं रडायला लागले. मोठ्या माणसाला इतक्या मोठ्यानं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. लोक बघत होते. मला राहवेना, त्यांना उठवायला मी पुढं झालो तर वहिनींनी माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "रडू द्या त्यायले. कवाची वाट पाहून राह्यली मी."